आम्ही मोतीबिंदू पिकायची वाट पाहिली

वाचकहो, तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस उंबरठ्याला, दावणीच्या खुंट्याला वरचेवर ठेचकाळत असेल, तर हे चार शब्द घरात वाचून दाखवा.

आमचे आबा असेच ठेचकाळत. बाजूने वासरू आले की दचकत. हाताशी ठेवलेला तांब्या लवंडायचा. आई म्हणे, "लक्ष कुठं असतं तुमचं?" पण पंचांग ते चष्मा लावून घडाघडा वाचत, म्हणून डोळ्यांचा संशय कोणालाच आला नाही. पुढे अंधुक दिसू लागले तेव्हा निदान आम्हीच केले : मोतीबिंदू! पिकला की काढू, सुगी उरकली की जाऊ. अशा दोन सुग्या गेल्या. 2009 साली डॉक्टरांना दाखवले, तेव्हा एका डोळ्याची नजर संपली होती, दुसऱ्याची चिमूटभर उरली होती. तो काचबिंदू होता.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवले की बहुधा दिसू लागते. (आणि तो पिकायची वाट पाहण्याचीही आता गरज नसते.) काचबिंदूत जाते ती डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस. डोळ्यात सतत थोडे पाणी तयार होते आणि बारीक वाटेने निघून जाते. पाटाची मोरी गाळाने तुंबावी तशी ती वाट तुंबली की आत दाब वाढतो आणि नस हळूहळू वाळते. काहींची नस दाब फारसा न वाढताही वाळते, म्हणून डॉक्टर दाब मोजतात आणि बाहुली मोठी करून नसही पाहतात. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. नजर कडेकडेने जाते, दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेली परत येत नाही.

एक प्रकार मात्र एकाएकी येतो. डोळा लाल होऊन ठणकतो, डोके फुटते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. पित्त समजून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

1961 च्या खानेसुमारीत देशात शंभरात साडेपाचच्या आसपास माणसे साठीची किंवा त्यापुढची होती, 2011 साली साडेआठच्या वर. माणसे जास्त जगू लागली, तसा उतारवयातला हा आजारही वाढतो आहे. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हते.

आबांना थेंब मिळाले. बाटली संपली तसे ते म्हणाले, "दिसण्यात काडीचा फरक नाही, पैसे कशाला घालवता?" आम्ही ऐकले. उशिरा जाण्यापेक्षा हीच चूक मला जास्त सलते. थेंब गेलेली नजर आणायला नसतात, उरलेली राखायला असतात, हे आम्हाला उमगेपर्यंत ती चिमूटही गेली. शेवटची चार वर्षे आबांनी नातवंडे हाताने चाचपून ओळखली.

हा आजार घराण्यात उतरू शकतो. चाळिशी ओलांडल्यावर मी तपासून घेतले, तर जमिनीबरोबर हाही वाटा माझ्याकडे आलेला! रोज रात्री जेवण झाले की थेंब घालतो. अजून सगळे दिसते.

परवा धाकट्या बहिणीला ओढूनच नेले. तिच्याही डोळ्यांचा दाब जास्त निघाला. येताना एस.टी.त म्हणाली, "दादा, मला तर लांबच्या पाट्यासुद्धा वाचता येतात." मी तिला आबांच्या पंचांगाची आठवण करून दिली. मग गाव येईपर्यंत ती थेंबाची बाटली हातात धरून बसली होती.