आईचे पान

हॉटेलात जेवायला जाणे ही आता काही सांगण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. रविवारी संध्याकाळी आमच्या घरी गॅस पेटलेला दिसला, तर कुणाला बरे नाही की काय, अशी शेजाऱ्यांना शंका येते. पण माझ्या लहानपणी, पुण्याच्या नारायण पेठेत, हॉटेलात जेवणाऱ्या माणसाकडे लोक थोड्या कीवेनेच पाहत. त्याची बायको माहेरी गेलेली असावी, नाहीतर त्याला बायकोच नसावी, असा तर्क होई. घरी चूल असताना पैसे मोजून परक्याच्या हातचे खाणे, यात हौस असू शकते हे कुणाच्या डोक्यातच येत नसे.

अशा पेठेतल्या पाच माणसांनी एका रात्री साहेबी थाटाच्या हॉटेलात, काट्याचमच्यांच्या साक्षीने, चांगले दीड तास जेवण केले होते. साठाहून अधिक वर्षे उलटून गेली, पण त्या जेवणाची चव माझ्या जिभेवर नसली तरी डोळ्यांत अजून आहे. डोळ्यांत का, ते आता सांगतो.

गोष्ट १९६१ च्या मे महिन्यातली. आदल्या हिवाळ्यात आईला विषमज्वर झाला होता. त्यातून ती उठली, पण अंगात त्राण म्हणून उरले नव्हते. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ लिहिली, ती हवापालटाची. सरकारी कचेरीतल्या कारकुनाला हे औषध सगळ्यांत महाग. पण अण्णांनी कुठूनतरी पैशांची जुळवाजुळव केली, आजीला काकांकडे पोचवले, आणि आम्ही पाचजण – अण्णा, आई, ताई, मी आणि धाकटा बाळ्या – एस. टी. ने महाबळेश्वरला निघालो. वाईनंतर पसरणीचा घाट लागला तसा बाळ्याने आपला हवापालट गाडीच्या खिडकीतून तिथेच सुरू केला.

महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. मे महिन्यातही पहाटे पांघरूण शोधावे लागे. माल्कम साहेबाच्या नावाची ती पेठ, तिथली चणे-फुटाण्यांची आणि मधाची दुकाने, वेण्णा तलावातल्या नावा, आणि जिथे पाहावे तिथे तांबडी माती! आमचे पांढरे कॅनव्हासचे बूट पहिल्याच दिवशी विटकरी झाले ते पुण्याला परत येईपर्यंत तसेच राहिले. जुन्या महाबळेश्वरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या एकत्र येऊन दगडी गाईच्या मुखातून पडतात, ते पाहून आम्ही मुले थक्क झालो. आम्ही पाहिले. आईने पाहिले नाही.

कारण आईचा मुक्काम स्टोपाशी होता. अण्णांनी एका बंगल्याच्या मागल्या अंगाची खोली भाड्याने घेतली होती, आणि आईने पुण्याहून पितळी स्टो, पिना, पोळपाट-लाटणे, कणकेचा डबा, मेतकूट आणि लोणच्याची बरणी असा सारा संसार बरोबर आणला होता. सकाळी आमचे दूध-पोहे, दुपारी स्वयंपाक, तिसऱ्या प्रहरी चहा, संध्याकाळी पुन्हा पोळ्या. "तुम्ही या जाऊन, मी तोवर पोळ्या लाटून घेते," हे वाक्य आम्ही रोज ऐकत होतो आणि रोज खुशाल जात होतो. तिची हवा तेवढी पालटली होती. चूल पालटली नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही बॉम्बे पॉइंटवरून सूर्यास्त पाहून परतलो. खोलीत रॉकेलचा वास कोंडला होता आणि आई खोकत खोकत स्टोला पंप मारत होती. अण्णा उंबऱ्यातच उभे राहिले. बराच वेळ त्यांनी बूटही काढले नाहीत. मग म्हणाले, "उद्या रात्री स्टो पेटवायचा नाही."

"मग पोरांनी खायचं काय?"

"हॉटेलात जाऊ."

आई हसली. पण अण्णा चेष्टा करीत नाहीत हे ध्यानात येताच तिने एकामागून एक हरकती काढल्या. तिथली भांडी कुणाकुणाची असतील, सासूबाईंना कळले तर काय म्हणतील, पैसे किती पडतील, आणि शेवटची हरकत सगळ्यांत खरी – "मला तिथलं बसणं-उठणं जमायचं नाही." अण्णा एवढेच म्हणाले, "मला तरी कुठं जमतंय? सगळेच मिळून चुकू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची पलटण निघाली. अण्णांच्या अंगात लग्नातला कोट होता आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. आई हिरव्या नारायणपेठी लुगड्यात होती. ते हॉटेल बाजारापासून दूर, गर्द झाडीत, लाल कौलांचे आणि लांब व्हरांड्याचे, इंग्रजी अमदानीतले. आत पाऊल ठेवताच आमचे आवाज आपोआप खाली उतरले. पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेली टेबले, त्यांवर फुलांसारखे उमलवून ठेवलेले हातरुमाल, आणि उंच दांड्यांचे काचेचे पेले. पेले पाहून आई दचकली. राज्यात तेव्हा दारूबंदी होती, हे अण्णांनी तिच्या कानात सांगितले तेव्हा कुठे ती पुढे सरकली.

पांढऱ्या डगल्यातल्या वेटरने तिच्यासाठी अदबीने खुर्ची मागे ओढली. आईला वाटले, ही जागा दुसऱ्या कुणासाठी आहे म्हणून तो खुर्ची काढून घेतोय. ती "बरं बरं" म्हणून शेजारच्या खुर्चीकडे वळली. त्याने तीही ओढली. तिसऱ्या खुर्चीला ताईने हात धरून तिला बसवले. वेटर हसला नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे.

आणि मग ती बसल्यावर, बाळ्या सहा वर्षांच्या मुलाच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "आई, तूपण आत्ताच जेवणार? आमच्याबरोबर?"

शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. अण्णा हातरुमालाच्या घड्या मोडू लागले. पण बाळ्याचे काही चुकले नव्हते. घरी पहिली पंगत अण्णांची आणि आमची. मग आजीचे निराळे पान. त्यानंतर सगळी झाकपाक झाली की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, पातेल्यात उरलेले ताटात घेऊन आई जेवे. जेवत असे, असे आम्ही धरून चाललो होतो. पाहिले कुणीच नव्हते. मी दहा वर्षांचा झालो होतो, पण माझ्या आईला समोर बसून जेवताना मी त्या रात्री प्रथम पाहिले.

टोमॅटोचे सूप आले. आईने आम्ही काय करतो ते पाहिले, आम्ही अण्णा काय करतात ते पाहिले, आणि अण्णांनी पलीकडच्या टेबलावरच्या पारशी गृहस्थांकडे पाहिले. अशा रीतीने सूप पार पडले. कटलेट आली तेव्हा काट्याने ती बशीबाहेर पळू लागली. मग आईनेच सरळ काटा खाली ठेवला आणि हाताने तुकडा मोडला. आम्हा सगळ्यांच्या खांद्यांवरचे ओझे उतरले.

त्यानंतर पुऱ्या आल्या. टम्म फुगलेल्या, वाफाळत्या. आईने एक घेतली, बोटाने तिला भोक पाडले, आतली वाफ निघून जाताना पाहिली आणि लहान मुलीसारखी हसली. ती पुरी तिने नुसतीच खाल्ली, भाजीशिवाय. मग दुसरी. मग तिसरी. वेटर चौथी घेऊन आला तेव्हा तिने अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, "घे की. तळायला तू नाहीस."

आईला गरम पुरी आवडते, हे मला त्या रात्री कळले. घरी फुगलेल्या पुऱ्या आमच्या पानांत पडत. तिच्या वाट्याला येत त्या शेवटच्या, चपट्या आणि निवलेल्या. ती उजव्या दाढेने चावत नाही, हेही त्याच रात्री दिसले. तिची दाढ किती दिवसांपासून दुखत होती, कोण जाणे. ताईलाही ते दिसले असावे. तिने आपली पुरी अर्ध्यावर सोडली आणि कितीतरी वेळ ती आईकडेच पाहत राहिली.

शेवटी स्ट्रॉबेरी आणि क्रीम आले. हंगाम सरत आला होता. फळे लहान आणि आंबट होती. आईने आपल्या वाटीतली दोन बाळ्याच्या वाटीत टाकायला उचलली. अण्णांनी नुसता हात आडवा धरला. ती दोन स्ट्रॉबेरी तिने स्वतः खाल्ली.

वाट्या उचलायला वेटर आला तेव्हा आईने त्याला विचारले, "तुमचं जेवण झालं का हो?"

असा प्रश्न त्याला त्या दालनात आजवर कुणी विचारला नसावा. तो क्षणभर घुटमळला. मग हळूच म्हणाला, "आमचं मागनं असतंय, बाई."

आईने मान हलवली. तिला त्या उत्तराचा अर्थ आम्हा चौघांपेक्षा जास्त कळला होता.

बिल २० रुपये झाले. तीन मोठी पाने पाच-पाच रुपयांची आणि आम्हा दोघा मुलांची अडीच-अडीच. अण्णांनी वर एक रुपया वेटरला ठेवला. आमच्या पुण्याच्या दोन खोल्यांचे महिन्याचे भाडे तेव्हा १८ रुपये होते. नवे पैसे येऊन चार वर्षे झाली होती तरी आई अजून आण्यांत हिशेब करी. परतीच्या वाटेवर कंदिलाच्या उजेडात तिने त्या २१ रुपयांचे किती आणे होतात ते मोजले आणि तीनशे छत्तीसवर येऊन ती मटकन एका दगडावर बसली.

पुण्याला आल्यावर पुढचे दोन महिने त्या २१ रुपयांनी अण्णांचा पिच्छा सोडला नाही. तेल संपले की २१ रुपये, ताईच्या परकराचे कापड घ्यायचे म्हटले की २१ रुपये. शेजारणींना मात्र ती तीच तक्रार वेगळ्या सुरात सांगे. "आमच्या ह्यांचं खूळ, दुसरं काय!" म्हणताना पुरी किती फुगली होती ते ती हातांनी दाखवी.

मग १२ जुलै उजाडला. पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. आम्ही जिवानिशी वाचलो, पण तळमजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत काही उरले नाही. पितळी स्टो, कणकेचा डबा, अण्णांचा कोट, आईचे हिरवे लुगडे, डाळीच्या डब्याच्या तळाशी लपवलेले तिचे साठवणीचे पैसे – सारे गेले. पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता. वाड्यातला जो तो आपले काय काय गेले ते मोजत होता. अण्णा भीत भीत, जरा हसत म्हणाले, "ते एकवीस रुपये ठेवले असतेस, तर तेही त्या डब्यातच असते."

आई पायरीवर बसली होती. म्हणाली, "तेवढेच तर वाचले."

त्यानंतर तिने ते पैसे पुन्हा कधी काढले नाहीत.

ही हकीकत मी आजवर किती जणांना सांगितली असेल, त्याची मोजदाद नाही. माझ्या मुलाला तर ती पाठ आहे. ती सांगताना माझा आवाज जड होतो आणि ऐकणारे म्हणतात, तुमचे आईवर फार प्रेम! यंदाच्या मे महिन्यात मुलाने आम्हा सगळ्यांना महाबळेश्वरला नेले आणि एका रात्री तिथल्या एका बड्या हॉटेलात जेवायला घेऊन गेला. वाटेत मी पुन्हा तीच गोष्ट सुरू केली. ती संपल्यावर सूनबाईने सहज विचारले, "बाबा, मग आईंना काय आवडतं?"

मी बायकोकडे पाहिले. आमच्या लग्नाला पन्नास वर्षे होत आली. या पन्नास वर्षांत माझ्या पानात पोळी तव्यावरून थेट पडत आली आहे, आणि ती वाढणारी मागाहून जेवत आली आहे. घरात टेबल आले, चार खुर्च्या आल्या. तिची खुर्ची ओट्याच्या बाजूला, उठायला सोयीची. आईचे पान मला दहाव्या वर्षी दिसले, आणि त्या दिसण्याचा मी पुढे साठ वर्षे अभिमान बाळगला. समोरचे पान मात्र मला दिसले नाही. सूनबाईच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी काहीतरी म्हणायचे म्हणून म्हणालो, "तिला काय, सगळंच आवडतं."

हॉटेलात गेल्यावर पदार्थांची यादी माझ्या हातात आली. सवयीने मी ती वाचू लागलो. सूनबाईने ती अलगद माझ्या हातातून काढून घेतली आणि सासूपुढे ठेवली.

"तुम्ही घ्याल तेच मला," बायको मला म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "तू सांग."

तिने चष्मा काढून पुसला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती यादी तिने वर्तमानपत्र वाचावे तशी वाचली. मग मान वर करून वेटरला म्हणाली, "मला आधी स्ट्रॉबेरी-क्रीम आणा. जेवणाचं मग बघू."

नातवंडे खदखदून हसली. वेटरने एकदा माझ्याकडे पाहिले. मी त्याला जा म्हणून खूण केली. आमचे सूप आधी आले, तिची वाटी मागून. ती सावकाश, एकेक फळ क्रीममध्ये बुडवून खात होती, आणि का कोण जाणे, आमच्यापैकी कुणीच चमचा उचलला नाही. तिची वाटी संपेपर्यंत आम्ही सारे थांबलो. सूप पार निवून गेले.