कोयत्याची धार कुणाच्या खिशातून?

कोयता म्हटलं की हल्ली लोकांना पुण्यातली गँग आठवते. आपल्या बीड जिल्ह्यात कोयता म्हणजे माणूस. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादमाच्या हिशेबात असंच मोजतात. आता हंगाम तोंडावर आलाय, ट्रक-ट्रॅक्टर भरून हे कोयते निघतील. उचल किती, दर किती, यावर चर्चा होते आणि व्हायलाच पाहिजे. पण ज्या हत्याराच्या जिवावर हे सगळं चालतं, त्याच्या धारेबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून ही पोस्ट.

परवा आठवडी बाजारात एका घिसाडी बाबांजवळ तासभर बसलो. ट्रकच्या जुन्या पाट्याचा कोयता चालला होता. पाट्याचं पोलाद चिवट असतं. भट्टीत लाल करून ठोकायचं, मग पाणी द्यायचं. सगळा खेळ या पाण्याचा. पोलाद जास्त कडक झालं तर धारेचे तुकडे उडतात, नरम राहिलं तर धार वळते.

मी म्हणालो, "बाबा, चौकात ग्राइंडरवर दोन मिनिटांत धार मिळते की."

बाबा हसले. "मिळती ना भाऊ. पण काठ निळा पडला की समजायचं, पाणी गेलं."

बरोबरच आहे ते. घासताना पातळ काठ क्षणात तापतो. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादावर निळी झाक येते आणि दिलेलं पाणी उतरतं. कोयता दिसतो चकचकीत, पण दुपारपर्यंत बोथट. ग्राइंडर वापरायचाच तर हलका हात हवा, आणि काठ पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवायला हवा.

दुसरी गोष्ट कोनाची. घरातल्या सुरीला प्रत्येक बाजूनं १५ ते २० अंशांची बारीक धार चालते. तीच कोयत्याला लावली तर उसाच्या बुडख्यावर टिकत नाही. इथं २५-३० अंश पाहिजेत, धारेमागं थोडं पोट पाहिजे. कानस पुढं जाताना दाबायची, मागं येताना उचलायची. दोन्ही बाजू सारख्या घासायच्या, शेवटी दगडावर हलकेच फिरवायचं. संध्याकाळी उसाचा रस पुसून तेलाचा हात दिला की गंज धरत नाही.

आता खरा मुद्दा. ऊस जमिनीलगत तोडा, असं शेतकरी आणि कारखाना दोघंही सांगतात. कारण बुडख्याकडं साखर जास्त, आणि काप स्वच्छ बसला तर खोडवा चांगला फुटतो. बोथट कोयत्यानं बुडखा चिरफाळतो. पण जमिनीलगत तोडायचं म्हणजे कोयता मातीत जाणार, खड्यावर आपटणार. धारेचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे माती! म्हणजे चांगल्या तोडणीनंच धार मरते. मग रोज पहाटे कोपीसमोर कानस घेऊन कोण बसतं? मजूर. कोयता त्याचा, कानस त्याची, वेळही त्याचाच. मजुरी टनावर, त्यामुळं घासण्यात गेलेल्या वेळेचा पैसा नाही. धार गेली तर तेवढ्याच टनाला घाव जास्त, मनगट-खांदा त्याचाच जातो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ते चांगलंच झालं. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घ्यायचं धोरण आहे. त्यातून प्रत्येक तळावर एक घिसाडी, चांगल्या कानशी आणि दगड, एवढं तरी देता येणार नाही का? मजुराचा वेळ वाचेल, शेतकऱ्याचा खोडवा सुधारेल, कारखान्याला बुडख्याची साखर मिळेल. शिवाय भाता गुंडाळून बसलेल्या चार घिसाडी कुटुंबांना हंगामभर काम मिळेल.

धारेचा फायदा तिघांना आणि खर्च एकट्याला, हा कुठला न्याय?

तुमच्या गावातले कोयते कोणत्या कारखान्याला जातात, तिथं अशी काही सोय आहे का, खाली लिहा. असेल तर तेही आवर्जून सांगा.