दिसला का?

आमच्या घरात एके काळी बंदूक होती, असे मी सांगितले की ऐकणारा आधी माझ्या चष्म्याकडे पाहतो आणि मग हसतो. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात शब्दकोश असावा, फार तर अडकित्ता असावा. बारा बोअरची बंदूक कुठून येणार? पण ती होती. माझ्या आजोबांची, म्हणजे तात्यांची. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले आणि नारायण पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरले, तेव्हा तात्यांनी आधी देव वरच्या मजल्यावर नेले, मग बंदूक नेली आणि मग बायकोला हाक मारली, असे आजी शेवटपर्यंत सांगत असे.

तात्या शिकारी खरे, पण राजेरजवाड्यांसारखे वाघामागे जाणारे नव्हेत. कचेरीतले कारकून. रविवारी पहाटे दिवे घाट चढायचा, सासवड-जेजुरीच्या पलीकडच्या माळावर भटकायचे, आणि एखादा ससा किंवा चार-दोन तितर मिळाले की संध्याकाळी परत. पेठेतल्या स्वयंपाकघरात त्या तितरांना मज्जाव होता. परसात तीन दगड मांडून तात्या स्वतःच शिजवीत. माझे वडील, अण्णा, बाराव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर जात. घरात या बापलेकांचे संभाषण "फी भरलीस का?" याच्या पलीकडे जात नसे. माळावर तर बोलायचेच नसते. त्यामुळे तिथे दोघांचे फार छान जमत असावे.

पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि 1991 च्या दुरुस्तीने राहिलेसाहिलेही बंद झाले. तात्या त्याआधीच गेले होते. अण्णांनी बंदूक परवान्यासकट पोलिसांकडे जमा केली आणि जुन्या बाजारातून एक दुर्बीण आणली. रविवारच्या भटकंतीला मात्र ते "शिकार"च म्हणत राहिले. त्यांच्या कपाटात व्यंकटेश माडगूळकरांची पुस्तके असत. माडगूळकरही आधी बंदूक घेऊन रानात गेले आणि मग नुसते डोळे घेऊन. आणि सालीम अलींचे पक्षिशास्त्र लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून सुरू झाले, हे तर अण्णा मला एसटीच्या प्रत्येक प्रवासात ऐकवीत.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. स्वारगेटवरून पहिली गाडी पकडायची, मोरगाव मागे टाकून सुप्याला उतरायचे आणि माळ तुडवायचा. चिमूटभर माती हवेत सोडून वारा पाहायचा, तो नेहमी तोंडावर घ्यायचा. पांढरा रुमाल खिशाबाहेर काढायचा नाही. जनावराकडे सरळ चालत जायचे नाही. दुसऱ्याच कुणाकडे निघाल्यासारखे तिरके जायचे. लेंड्या दिसल्या तर ओल्या की सुक्या ते पाहायचे. सारे शिक्षण शिकारीचेच, शेवटचा चाप तेवढा गाळलेला.

या शिक्षणात मी दोन वर्षे सर्रास खोटे बोललो. माळावर धाविक नावाचा एक पक्षी असतो. अंगाचा रंग मातीचाच. चार पावले तुरुतुरु धावतो आणि थांबतो. थांबला की मातीत विरून जातो. अण्णा दुर्बीण माझ्या हाती देत आणि कानाशी कुजबुजत, "त्या बोराटीच्या डावीकडे. दिसला का?"

"दिसला," मी म्हणे.

मला काही म्हणजे काही दिसत नसे. फळ्यावरचेही दिसत नव्हते, पण ते सांगायला मी भीत होतो. दुर्बीण अण्णांच्या डोळ्यांना लावलेली. तिचे चाक आपल्यापुरते फिरवायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. मला दिसायचा तो नुसता पिवळा धूर. घरी येऊन आईला मात्र मी धाविकाच्या पायांचे सुद्धा वर्णन करी.

1992 च्या जानेवारीत हे नाटक संपले. अण्णांना चिंकारा दिसला होता. "दिसला का?" "दिसला. शेपटी हलवतोय." अण्णांनी दुर्बीण घेऊन पाहिले. चिंकारा केव्हाच ओढ्यात उतरला होता आणि मी एका दगडाचे कौतुक करीत होतो. ते काही बोलले नाहीत. बाभळीखाली बसले, भाकरीचे फडके सोडले आणि मध्येच तात्यांची गोष्ट सांगू लागले.

1960 सालची. अण्णा चौदा वर्षांचे. याच माळावर तात्यांनी पहिल्यांदा भरलेली बंदूक त्यांच्या हाती दिली. चाळीस पावलांवर चिंकाऱ्याची मादी. तिने मान वळवली, शिंकल्यासारखा आवाज केला आणि खूर आपटला. अण्णांनी नळी खाली केली आणि चाप ओढला. अलीकडेच धुरळा उडाला, मादी निघून गेली. तात्यांनी रिकामे काडतूस काढले, हुंगले आणि म्हणाले, "दमट असणार. पावसाळ्यात धरलं वाटतं."

"आदल्या आठवड्यात आणलेल्या नव्या खोक्यातलं होतं," अण्णा म्हणाले. "आणि दमट काडतूस एक वेळ उडत नाही, पण नेम चुकवत नाही. हे तात्यांना कळत नव्हतं थोडंच!"

तात्यांनी पुन्हा कधी त्यांच्या हाती बंदूक दिली नाही. रविवारी पहाटे उठवायचे मात्र सोडले नाही.

भाकरी संपली. अण्णांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली आणि मागून हात घालून मधले चाक हळूहळू फिरवू लागले. "तेलपाणी नाही बऱ्याच दिवसांत," ते म्हणाले, "चाक घट्ट झालंय." पिवळा धूर फाटला. गवताचे एकेक कुसळ वेगळे झाले. दगड तर इतका दगड निघाला की मला लाज वाटली. मंगळवारी आम्ही लक्ष्मी रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात गेलो.

सुप्याच्या त्या माळाचे 1997 मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले. जेमतेम पाच-सव्वापाच चौरस किलोमीटर. गेल्या हिवाळ्यात मी अण्णांना आणि माझ्या मुलीला तिथे मोटारीने घेऊन गेलो. अण्णांना मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रियेचे नाव काढले की ते विषय बदलतात. मुलीची नजर तीक्ष्ण आहे. तिने धाविक हेरला, दुर्बीण आजोबांच्या हाती दिली आणि कुजबुजली, "त्या दगडाच्या उजवीकडे. आजोबा, दिसला का?"

अण्णा बराच वेळ पाहत राहिले. एवढ्यात धाविक उडून पार पलीकडे गेला.

"दिसला," अण्णा म्हणाले. "छान आहे."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी डबा उघडला.