थव्यातलं लाकडी बदक

शिकारीत पक्ष्यांना भुलवायच्या लाकडी बदकाला लोककला म्हणायची आता रीतच पडली आहे. 2007 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेलने घडवलेले दोन पक्षी प्रत्येकी अकरा लाख डॉलरच्या वर विकले गेले. किमतीबद्दल माझी तक्रार नाही. पण कपाटात एकट्या बसवलेल्या बदकावरून त्याचं काम कळतं, हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या माथ्याशी सस्क्वेहाना नदी उथळ पसरते, तिथे ही बदकं शेकड्यांनी पाण्यावर मांडत. मधोमध शवपेटीसारखी पेटी काठापर्यंत बुडवलेली, तिच्यात उताणा पडलेला बंदूकवाला. पेटी दबून राहावी म्हणून तिच्या कडेला पंखांसारख्या पसरलेल्या फळ्यांवर ओतीव लोखंडाची बदकं ठेवलेली. म्हणजे त्या थव्यातले काही जण तर निव्वळ वजनं होते! वरून येणाऱ्या कॅनव्हासबॅक जातीच्या रानबदकांना दिसायचं एवढंच, की भाऊबंद खाली निवांत चरताहेत.

म्हणून इथल्या बदकांवर पीस न् पीस कोरलेलं नसतं. विटकरी डोकं, काळी छाती, पांढरी पाठ. वाऱ्यात कलंडू नये म्हणून पोटाखाली शिसं. हॅव्हर डी ग्रेसचा मॅडिसन मिचेल त्यांची धडं लेथवर काढायचा. त्याचा मूळ धंदा अंत्यसंस्कारांचा, हा योगायोग त्या पेटीमुळे जरा बोचतो. कुणी म्हणेल, क्रिसफील्डच्या लेम आणि स्टीव्ह वॉर्ड या न्हावी भावांच्या बदकांत कला नव्हती का? होतीच, आणि पुढे ते खास शोभेचे पक्षीही करू लागले. पण शिकारीच्या बदकाची रेषा अशी मोजकी झाली ती थव्याच्या हिशेबाने, दुरून पटावी म्हणून.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: संहाराचं हत्यार जपायचंच कशाला? स्थलांतरित पक्ष्यांसाठीच्या 1918 च्या कायद्याने बाजारासाठीची शिकार मोडली. 1935 मध्ये ती पेटी आणि भुलवायला बांधलेली जिवंत बदकं, दोन्हींवर बंदी आली. लाकडी बदक मात्र सुटलं. शिवाय पक्षी घटले ते केवळ बंदुकीने नव्हे. कॅनव्हासबॅकचं आवडतं पाणगवत, वाइल्ड सेलरी, गढूळ पाण्याने मागे हटत होतंच. 1972 च्या अॅग्नेस वादळाच्या गाळाने उरलंसुरलं झोपवलं. तरीही बंदुकीचा वाटा पुसायचा नाही, आणि एकटं बदक नेमका तोच पुसतं. ते जपावं, फक्त पाटीवर घडवणाऱ्याच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी: पाण्यावर ह्याच्यासोबत आणखी किती होती.