पकड

इंदूरच्या जुन्या नावांत झाडे फार आहेत. नवलखा, इमली बाजार, पिपल्यापाळा ही नावे रोज तोंडी येतात. त्यांतली झाडे मात्र उत्तरोत्तर विरळ होत गेली. वाड्यांच्या परसांत जी उरली, ती उंच झाली आणि त्यांवर चढणारी माणसे सरली. आमच्या चिंचेच्या वाळक्या फांद्या दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उतरवाव्या लागतात. पूर्वी एक मालवी गृहस्थ अनवाणी पायांनी, कमरेला काथ्याचा दोर बांधून ते काम करीत. पुढे दुसऱ्या एका घरी ते फांदीसकट खाली आले आणि कमरेने कायमचे अधू झाले. आता त्यांचा मुलगा येतो. त्याला कशाच्या भरवशावर वर पाठवावे, हा प्रश्न माझा आहे, कारण बोलावणारा मी.

पुण्यास शिकणारी माझी नात सह्याद्रीत गिर्यारोहण करते. तिने आपल्या सामानातला जुमार आणून दाखविला. नाव ऐकून मला तो झुंबराचा चुलतभाऊ वाटला होता; प्रत्यक्षात यूसी आणि मार्टी या दोघा स्विस गृहस्थांच्या आडनावांची ती संधी आहे. यूसी गरुडांचा अभ्यास करी आणि त्यासाठी त्याला कड्यांवर दोराने चढावे लागे. म्हणून १९५८च्या सुमारास हे साधन सिद्ध झाले. आतली दातेरी चकती स्प्रिंगमुळे दोराला टेकलेली असते. साधन वर सरकविले तर सरकते. खाली ओढले की चकती फिरून दोर दाबते आणि जितका भार अधिक तितकी पकड घट्ट. सिंहगडच्या पोवाड्यातील घोरपडीकडून आपण याहून वेगळी काय अपेक्षा केली होती?

त्याआधी, १९३१ साली, ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने नुसत्या बारीक दोरीच्या वेढ्यांनी हेच काम करणारी गाठ दाखविली होती. तिला दात नाहीत, किंमतही नाही. मात्र ती दोरी मुख्य दोराहून बारीक हवी, नाहीतर धरत नाही.

निवड करताना प्रथम दोर पाहावा. साधनावर दोराची जाडी कोरलेली असते, बहुधा ८ ते १३ मिलिमीटर. त्याबाहेरचा दोर त्यात घालू नये. बाजारातला काथ्याचा किंवा प्लॅस्टिकचा दोर इथे बाद. त्याच धातूवर ईएन ५६७ हा युरोपीय मानकाचा आकडा शोधावा. तो नसेल तर स्वस्ताईचा मोह धरू नये. चकतीची कडी दोन हालचालींशिवाय उघडणारी नसावी, कारण झाडावर डहाळ्या कुठेही बोट घालतात.

दातांविषयी बोलले पाहिजे. ते चिखलाने वा बर्फाने माखलेल्या दोरासाठी आहेत. पडणाऱ्या माणसाला झेलणे हे त्यांचे काम नव्हे. सुमारे चारशे ते सहाशे किलोंचा ताण आला की दात दोराचे वेष्टन फाडतात आणि पडणाऱ्या माणसाचा हिसका तेवढा सहज होतो. म्हणून दोर कधी सैल ठेवू नये, आणि माणूस सदैव दोन ठिकाणी बांधलेला असावा.

नातीने याहून मोठी गोष्ट सांगितली. जुमार चढवितो, उतरवीत नाही. आमच्या चिंचेवर एकदा आग्यामोहोळ बसले होते. ते उठले असते, तर वर अडकलेल्या माणसाने भार उचलून एकेक चकती सोडवीत बसायचे काय? म्हणून मी दोन जुमारांबरोबर उतरण्याचे वेगळे साधनही घेतले. ते कमरेला तयारच लटकलेले असते. खर्च दुप्पट झाला. घरात थोडी कुरकुरही झाली.

मुलाने ते सारे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "बाबूजी, और डाली टूट गई तो?" प्रश्न अगदी नेमका होता. जुमार दोराला धरतो, दोर फांदीला, आणि फांदीला कोणी आकडा कोरून देत नाही. तेव्हा दोर जिवंत, जाड बेचक्यातूनच घ्यायचा आणि खालून दोघांनी लोंबकळून तो आधी पाहायचा, असे ठरले. करवत चालविताना दोर तिच्या वाटेत येऊ द्यायचा नाही, हेही.

सध्या तो रोज संध्याकाळी सहा फुटांपर्यंत चढतो आणि उतरतो. त्याचे वडील खाटेवर बसून कडी लागली की नाही ते ओरडून विचारतात. वाळक्या फांद्या अजून वरच आहेत.