‘कि’ला दोन घरं, ‘कु’ला एकच!

अहो, हातातलं काम ठेवा बाजूला, हे आधी ऐका! मी प्रोग्रॅमर नाही, सी भाषा मला धड वाचताही येत नाही, पण इर्सी बघितलात का इर्सी? चॅट क्लायंट आहे, आणि त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत, काळ्या टर्मिनलात नुसती अक्षरं! फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी १९९९ मध्ये आणलेला! आणि ज्या आयआरसी या चॅट व्यवस्थेवर तो चालतो तीही फिनलंडचीच, १९८८ मध्ये यार्को ओइकारिनेन यांनी ओउलू विद्यापीठात तयार केलेली, आणि अजून सुरू! अजून!

पण खरी गंमत पुढेच आहे. मी मराठीत लिहायला लागले आणि कर्सर घसरला! अक्षर इथे, कर्सर तिथे! खोडायला जावं एक आणि पुसलं जावं भलतंच! एरवी अशा वेळी आपण ॲप बंद करून मोकळे होतो. पण याचा सोर्स कोड उघडा आहे! सगळाच्या सगळा! आणि मग मी तो गिटनं उतरवून घेतला, आणि मग कोडाचा प्रोग्रॅम बांधणारी मेसन आणि निंजा ही साधनं चालवली, आणि मग पडद्यावरून ओळीच ओळी धावल्या आणि मग तयार झाला माझ्या मशीनवर कंपाइल झालेला, माझा इर्सी!

आता हे बघा! टर्मिनल म्हणजे चौकटीची वही. कोणत्या अक्षराला किती घरं द्यायची ते क्लायंट मोजतो, टर्मिनल आपलं वेगळं मोजतं, आणि दोघांचा हिशोब जुळला नाही की कर्सर घसरतो! एवढंच! म्हणून मी कोडात एक ओळ घातली: प्रत्येक चिन्हाची रुंदी फाइलीत लिही. आणि मग ‘कु’ टाइप केलं. ‘क’ला एक, उकाराला शून्य! आणि मग ‘कि’. एक आणि एक! वेलांटीला अख्खं घर! कान्यालाही घर, पण मात्रेला नाही, अनुस्वाराला नाही! का? तर युनिकोडमध्ये जागा घेणारी चिन्हं वेगळी आणि न घेणारी वेगळी, आणि इर्सीतला रुंदीचा जुना तक्ता त्यावरूनच मोजतो! इर्सीत मोजायच्या पद्धतीच तीन आहेत: ओल्ड, म्हणजे हाच जुना तक्ता, सिस्टिम आणि ज्युलिया. मी सिस्टिम लावली आणि कर्सर आला की जागेवर!

आणि बाइट! आयआरसीचा अख्खा संदेश ५१२ बाइटांत बसवायचा, त्यातले २ ओळ संपवायलाच जातात! आणि ‘मराठी’ या एवढ्याशा शब्दाचे होतात १५, कारण युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाला ३! लांब वाक्य मधल्याच बाइटावर तुटलं की पलीकडे अक्षराचा चुराडा! म्हणून मोजायचं बाइटांनी, पण तोडायचं अक्षराच्या कडेवर!

साध्या इंग्रजीत हे बग दिसणारच नाहीत! तिथे एक अक्षर, एक बाइट, एक घर, झालं! हे सापडणार तुम्हाला, मला. कोड येत नाही? मला तरी कुठे येतो! काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, टर्मिनल कोणतं, आवृत्ती कोणती, एवढं नीट लिहून कळवलं तरी दुरुस्त करणाऱ्याचं केवढं काम हलकं होतं! तेव्हा बसा, इर्सी घ्या, आणि ‘ज्ञानेश्वरी’ टाइप करा, ‘कर्त्या’ टाइप करा, सगळी जोडाक्षरं ओता, आणि कर्सर जरा जरी हलला तरी मला लगेच हाक मारा!