घरामागें बांधलेली मोटार

गेल्या वर्षीं अमेरिकेंत चिरंजीवांकडे राहण्याचा योग आला, तेव्हां ॲरिझोनांतील फ्लॅगस्टाफहून ग्रँड कॅन्यनचा प्रवास आम्हीं मोटारहोमनें केला. निजणें, रांधणें, स्नान, सर्व त्या चालत्या घरांत! परंतु मुक्कामाच्या जागीं नळ व वीज जोडून तें एकदां उभें केलें, कीं दुधासाठीं तें पुन्हां हलविणें म्हणजे संसारच हलविणें. म्हणून तिकडील पुष्कळ लोक मागें एक लहान मोटार बांधून नेतात. बैलगाडीमागून वासरूं चालावें, तशी ती आपल्या चारही चाकांवर धांवत येते.

ही मोटार कोणती घ्यावी यावर घरांत दोन आठवडे खल झाला. २०१५ सालची होंडा सीआर-व्ही सूनबाईंना रंगानें पसंत, चिरंजीवांना किंमतीनें. विक्रेता म्हणाला, "न्यूट्रलमध्यें टाका नि खुशाल ओढा." पैसे भरावयाचेच काय ते राहिले होते. आम्हांस यंत्रांतलें काय कळणार? पण 'मूळ ग्रंथ पाहा' असें मुलांना जन्मभर सांगितलेलें. आम्हीं गाडीबरोबरचें पुस्तक मागितलें. त्यांत स्पष्ट निषेध निघाला! त्याच नांवाची २०१४ सालची गाडी ओढतां येते, पुढच्या सालची नाहीं. मध्यंतरीं गिअरबॉक्स बदलला. पुष्कळ स्वयंचलित गिअरबॉक्सांत तेल फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकें फिरताहेत, अशा स्थितींत आंतील भाग तेलावांचून झिजून जळतात. न्यूट्रलनें तें टळत नाहीं. येथें अनुमान निरुपयोगी. त्या सालच्या पुस्तकाचें शब्दप्रमाण तेवढें खरें. शेजारीं विचारून मोटार घेणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

अखेर दोन दारांची जुनी जीप रँग्लर घेतली. तिची ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्यें टाकली, कीं चाकांचा गिअरबॉक्सशीं संबंधच तुटतो. वजन सुमारें ४,००० पौंड. आमच्या मोटारहोमची ओढण्याची मर्यादा ५,०००. शिवाय मागील मोटारीचा ब्रेक दाबणारें निराळें यंत्र बसविलें.

अशी जोडी मागें मात्र घेतां येत नाहीं. एका पेट्रोलपंपावर भलत्या बाजूनें शिरल्यामुळें भर वाऱ्यांत जीप सोडून पुन्हां बांधावी लागली. चिरंजीवांचे त्या वेळचे उद्गार येथें देत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं घर मुक्कामावर ठेवून जीपनें सुमारें २५ मैलांवरील डेझर्ट व्ह्यू येथें गेलों. १९३२ सालीं बांधलेल्या दगडी मनोऱ्यावरून खालीं कोलोरॅडो नदी सुतासारखी दिसत होती. अंधार पडेपर्यंत थांबलों. परततांना सूनबाईंनीं जीपच्या रंगाविषयीं प्रथमच बरा शब्द काढला.